मुखवटे पाहिले, नावं विचारली नाहीत

१९०६ साली ब्रिटिशांच्या ताब्यातल्या लागोस शहरात आयना ओनाबोलू नावाचा चोविशीतला एक तरुण एका प्रतिष्ठित बाईंचं जलरंगातलं व्यक्तिचित्र रंगवत होता. शिकवायला कोणी नाही. मासिकांतली छापील चित्रं बघून बघून त्याने छायाप्रकाश, कातडीची झळाळी, कापडाच्या चुण्या हे सगळं हातात बसवलं होतं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये फ्रेंच चित्रकार आंरी मातीस एका जुन्यापान्या, दूरदेशीच्या वस्तूंच्या दुकानात शिरला आणि काँगोतल्या विली लोकांची एक छोटी लाकडी मूर्ती घेऊन बाहेर पडला. ती त्याने गर्ट्रूड स्टाइन या अमेरिकन लेखिकेच्या घरी पिकासोला दाखवली.

एक जण आफ्रिकेत बसून युरोपकडे बघत होता, दुसरा युरोपात बसून आफ्रिकेकडे. कलेच्या इतिहासात मातीसची खरेदी एका क्रांतीची सुरुवात म्हणून नोंदली गेली. ओनाबोलूचं चित्र मात्र फार काळ ‘नक्कल’ याच खात्यात पडून राहिलं. त्याची ओढ आपल्याला समजायला अवघड जाऊ नये. राजा रविवर्म्याचं निधन १९०६ चंच. त्याने काढलेला छापखाना आधी मुंबईत आणि मग लोणावळ्याजवळ होता, आणि जे. जे. स्कूलमध्ये मुलं ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती समोर ठेवून रेखाटन गिरवत होती. हुबेहूब काढता येणं म्हणजे चित्र येणं, हे तेव्हा लागोसमध्येही खरं होतं आणि गिरगावातही. पॅरिसच्या काही मोजक्या लोकांना मात्र नेमका याच हुबेहूबपणाचा वीट आला होता.

मातीसला त्या दुकानात घेऊन गेलेल्या ओढीला प्रिमिटिव्हिझम म्हणतात, मराठीत आदिमवाद. वस्तूंचे भौमितिक तुकडे पाडणाऱ्या क्युबिझमसारखी ही काही एक शैली नव्हे. तिचा जाहीरनामा नाही, गट नाही, सभासद नाहीत. साधारण १८९० ते १९४० या पन्नासेक वर्षांत युरोपातल्या अनेक चित्रकार-शिल्पकारांना वाटू लागलं की आपली कला फार शिकलेली, फार गुळगुळीत आणि म्हणून खोटी झाली आहे. खरा जोम उरलाय तो ‘मागासलेल्या’ लोकांपाशी. हे मागासलेले कोण? तर आफ्रिकेतले आणि पॅसिफिक बेटांवरचे लोक, कोलंबसाच्या आधीचं मेक्सिको, युरोपातलेच खेडूत, लहान मुलं, मनोरुग्णालयातले रुग्ण. या यादीतल्या कोणाचा कोणाशी काडीचाही संबंध नाही. पॅरिसच्या स्टुडिओतून पाहिलं की ते सगळे सारखेच लांब दिसत, एवढंच त्यांच्यात समान.

म्हणजे गॅबॉनमधल्या फांग कारागिराने पूर्वजांच्या अस्थींच्या करंड्यावर राखण करायला कोरलेली मूर्ती हा प्रिमिटिव्हिझम नव्हे. ती मूर्ती बघून पॅरिसमध्ये जे रंगवलं गेलं तो प्रिमिटिव्हिझम. हे एकदा पक्कं झालं की बाकीचा विषय बराचसा सोपा होतो, कारण मग आपण आफ्रिकेबद्दल नव्हे, युरोपबद्दल बोलतोय हे लक्षात राहतं.

एकोणिसाव्या शतकातल्या शिकलेल्या युरोपियन माणसाच्या डोक्यात एक शिडी पक्की उभी होती. तळाला रानटी, वर अर्धवट सुधारलेले (आपला नंबर इथे), आणि सगळ्यात वर तो स्वतः. १८७० च्या दशकात एडवर्ड टायलरसारख्या मानवशास्त्रज्ञांनी या शिडीला शास्त्राची बैठक दिली: आजचे ‘आदिम’ लोक म्हणजे आपलंच बालपण, गोठून राहिलेलं. मानववंशशास्त्राची संग्रहालयं याच समजुतीने मांडली जात. कलेच्या जगात तर हे विशेषण आधी घरच्याच लोकांना लावलं जाई. १९०२ मध्ये बेल्जियमच्या ब्रूज शहरात ‘फ्लेमिश आदिम’ चित्रकारांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, आणि हे आदिम म्हणजे यान व्हान आइक आणि मंडळी, ज्यांनी पंधराव्या शतकात अंगठीच्या खड्यावरची चमकसुद्धा सोडली नाही! रेनेसाँसच्या आधीचे, एवढाच त्यांचा दोष.

आधुनिक कलावंतांनी ही शिडी उलटी केली. तळाचं ते चांगलं, निर्मळ, जोमदार. वरचं ते सडलेलं. ऐकायला हे मोठं बंडखोर वाटतं आणि काही अंशी ते होतंही. पण शिडी त्यांनी मोडली नाही. आफ्रिकन माणूस आपल्या काळातला आहे, त्याच्या कलेला स्वतःचा इतिहास आहे, तिच्यात घराणी आहेत, उस्ताद आहेत, जुनं-नवं आहे, हे त्यांनाही सुचलं नाही. ‘किती सहज! किती निरागस!’ असं कौतुक करताना समोरच्याला आपण लहान मूल ठरवतोय, याचा पत्ता नव्हता.

हे सगळं नेमकं तेव्हाच का घडलं? फोटोग्राफी आली होती, त्यामुळे हुबेहूब चेहरा काढणं हे काही चित्रकाराचं राखीव कुरण उरलं नव्हतं, हे एक कारण पुस्तकांत हमखास सापडतं. शहरांची धूळ-धूर, कारखाने, सलोंमधली, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनांमधली, तीच ती चित्रं हेही खरं. पण मला सगळ्यात ठोस कारण वाटतं ते मालाच्या आवकीचं. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेनंतर युरोपीय सत्तांनी आफ्रिका वाटून घेतली. फ्रान्सने १८९२ ते १८९४ दरम्यान पश्चिम आफ्रिकेतलं दाहोमेचं राज्य जिंकलं. ब्रिटिशांनी १८९७ मध्ये आजच्या नायजेरियातलं बेनिन शहर जाळलं आणि राजवाड्यातले हजारो पितळी-कांस्य नक्षीपट, हस्तिदंत, मुखवटे लुटून नेले. सैनिक, अधिकारी, मिशनरी, खलाशी यांच्या पेट्यांतून या वस्तू बंदरांत उतरल्या, संग्रहालयांत गेल्या, उरलेल्या भंगारबाजारात. बिस्ट्रोच्या, म्हणजे छोट्या खानावळीच्या, भिंतीवरही आफ्रिकन मूर्ती दिसत. चित्रकाराच्या खिशाला त्या परवडत. साम्राज्य नसतं तर मातीसला ते दुकान सापडलं नसतं.

या कहाणीची सुरुवात मात्र आफ्रिकेत होत नाही. ती होते पॉल गोगँ या फ्रेंच चित्रकारापासून. हा गृहस्थ शेअरबाजारात नोकरीला होता. बाजार कोसळला, नोकरी गेली, मग पूर्णवेळ चित्रकला. १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात वसाहतींतल्या माणसांची ‘गावं’ उभी केली होती, जावाच्या नर्तकी नाचत होत्या. गोगँ तिथे पुन्हा पुन्हा गेला. १८९१ मध्ये त्याने पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाचं जहाज पकडलं. पैशाविना, नियमांविना, निसर्गाच्या कुशीत जगणारे लोक भेटतील या आशेने. पापीते या तिथल्या मुख्य गावी उतरून बघतो तर काय, फ्रेंच कारकून, दुकानं, चर्च, मिशनऱ्यांनी घालायला लावलेले गळाबंद झगे. ताहिती १८८० पासूनच रीतसर फ्रेंच वसाहत होती, आणि मिशनरी तर त्याच्याही कितीतरी आधीचे. जुने देव, जुनी देवळं जवळजवळ संपलेली.

मग गोगँने काय केलं? त्याला हवं असलेलं ताहिती त्याने जुळवून घेतलं. जुन्या धर्माची माहिती त्याने मोरेनहूट नावाच्या माणसाच्या १८३७ सालच्या पुस्तकातून उचलली. मूर्ती सापडल्या नाहीत तिथे त्या स्वतःच्या मनाने घडवल्या. बरोबर आणलेल्या फोटोंमध्ये जावातल्या बोरोबुदूर या बौद्ध स्मारकाच्या शिल्पपटांचे फोटो होते, त्यांचा त्याने भरपूर वापर केला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याचं ‘इया ओराना मारिया’ हे चित्र आहे: ताहितीची मेरी, खांद्यावर बाळ येशू आणि समोर दोन स्त्रिया हात जोडून उभ्या. ते जोडलेले हात पाहून भारतीय माणसाला चटकन ओळख पटते, आणि ती खरीच आहे. त्या स्त्रियांचा पवित्रा बोरोबुदूरच्या बौद्ध शिल्पातून आलाय. म्हणजे ‘आदिम’ ताहितीच्या चित्रात ख्रिस्ती कथा आणि जावाचा बौद्ध नमस्कार, आणि पॅरिसच्या प्रेक्षकाला वाटावं की ही निसर्गाची लेकरं!

तेहामाना नावाची मुलगी त्याची तिथली ‘बायको’. ती तेरा-चौदा वर्षांची असावी, तो त्रेचाळीसचा. ‘काळ वेगळा होता’ असं म्हणून हे बाजूला सारता येत नाही, कारण वसाहतीतला गोरा पुरुष म्हणून जे मिळत होतं ते त्याने घेतलं आणि पुन्हा त्यावर मोकळ्या, निष्पाप प्रेमाची गोष्ट लिहिली. तिचं १८९३ चं एक व्यक्तिचित्र शिकागोत आहे. तिच्या अंगात तोच मिशनऱ्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा गळाबंद झगा, हातात पंखा, आणि मागच्या भिंतीवर ईस्टर बेटाच्या लिपीसारखी दिसणारी चिन्हं नि एक कुठलीशी देवी. गोगँच्या सगळ्या चित्रांत हे मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. पुढची मुलगी खऱ्या ताहितीतली, मागची भिंत त्याच्या डोक्यातली.

आणि तरीही, गोगँचा रंग बघितला की बोलती बंद होते. गुलाबी वाळू, जांभळी सावली, सपाट पसरलेला पिवळा. हे रंग त्याने ताहितीच्या कोणा कारागिराकडून घेतले नव्हते, पण ताहिती हे निमित्त नसतं तर ते वापरायची हिंमत त्याने इतक्या मोकळेपणी केली असती का, सांगता येत नाही. तो १९०३ मध्ये मार्केसस बेटांवर वारला. १९०६ च्या शरद ऋतूत पॅरिसमध्ये त्याच्या कामाचं मोठं स्मृतिप्रदर्शन झालं. मातीसची मूर्ती आणि हे प्रदर्शन एकाच वर्षी, आणि दोन्हींचा परिणाम झालेला मुख्य माणूसही एकच.

पिकासो तेव्हा पंचविशीतला. १९०७ च्या वसंतापासून तो एका आठ फूट उंच कॅनव्हासशी झुंजत होता. बार्सिलोनाच्या एका गल्लीच्या नावाने पुढे ‘आव्हिन्योच्या तरुणी’ म्हणून गाजलेलं हे चित्र: कुंटणखान्यातल्या पाच स्त्रिया, सरळ प्रेक्षकाकडे रोखून बघणाऱ्या. मधल्या दोघींचे चेहरे स्पेनमधल्या रोमनपूर्व इबेरियन शिल्पांवरून आलेले. काम चालू असतानाच पिकासो पॅरिसमधल्या ट्रोकादेरोच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात गेला. अंधारं, कोंदट, कुबट वासाचं ठिकाण. मुखवटे, मूर्ती दाटीवाटीने मांडलेल्या. परत आल्यावर उजवीकडच्या दोन स्त्रियांचे चेहरे त्याने पार बदलले. नाकाचं पातं झालं, गालावर हिरवे-तांबडे ओरखडे आले, एकीची मान तर शक्यच नाही अशी वळली.

अनेक वर्षांनी लेखक आंद्रे मालरोने पिकासोशी झालेलं बोलणं छापलं. त्यानुसार पिकासोला तिथे सुंदर शिल्पं दिसली नव्हती. त्याला दिसली हत्यारं. अज्ञात, घाबरवणाऱ्या शक्तींपासून माणसाचा बचाव करणाऱ्या वस्तू. आपलं चित्र म्हणजे भूत उतरवण्याचा पहिला प्रयोग होता असंही तो म्हणाला म्हणे. हाच पिकासो १९२० मध्ये एका मासिकाने विचारलं तेव्हा ‘निग्रो कला? माहीत नाही बुवा’ अशा अर्थाचं बोलून मोकळा झाला होता. कलाकाराच्या मुलाखतीवर किती विसंबायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

कुठला मुखवटा कुठल्या चेहऱ्यात उतरला, याचा शोध घेण्यात अभ्यासकांनी आयुष्यं घालवली. हाती आलेली गोष्ट गमतीची आहे: पुस्तकांत शेजारी-शेजारी छापले जाणारे काही मुखवटे १९०७ मध्ये पॅरिसला पोहोचलेलेच नव्हते. म्हणजे पिकासोने एकेक मुखवटा उतरवून काढला, असं झालं नाही. त्याला मिळाली ती परवानगी. चेहरा डोळ्यांना दिसतो तसाच काढायला हवा असं नाही, तो जाणवतो तसा, हवा तसा घडवता येतो, याची परवानगी.

ही परवानगी नेमकी कशी कामाला आली, हे १९१२ मध्ये अगदी स्वच्छ दिसतं. त्या वर्षी पिकासोने मार्सेयमधून एक ग्रेबो मुखवटा विकत घेतला. ग्रेबो हे आजच्या लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या भागातले लोक. या मुखवट्यात डोळ्यांच्या जागी खोबण नाही. सपाट फळीतून दोन नळकांडी पुढे आलेली आहेत. आता खरा डोळा काही नळकांडं नसतो. पण त्या फळीवर, त्या जागी ते नळकांडं बघताच आपण त्याला डोळाच म्हणतो. खूण पुरते, साम्य लागत नाही. त्याच वर्षी पिकासोने पुठ्ठा कापून, चिकटवून एक गिटार केली. गिटारच्या मधोमध भोक असतं, पोकळी. पुठ्ठ्यात पोकळी कशी दाखवायची? त्याने तिथे पुढे आलेलं नळकांडं लावलं. आत असलेलं बाहेर काढलं, आणि ते भोक म्हणून बिनतक्रार वाचलं जातं. त्याचा विक्रेता कानवायलर याने पुढे हा संबंध सविस्तर मांडला. ठोकळ्यातून कोरून काढणं किंवा मातीत घडवणं, या शिल्पकलेच्या जुन्या दोन वाटांना इथे तिसरी फुटली: तुकडे जोडून शिल्प उभं करणं. विसाव्या शतकातली अर्धीअधिक शिल्पकला या तिसऱ्या वाटेने गेली.

म्हणून ‘पाश्चात्यांनी आफ्रिकेची चोरी केली, बस’ एवढ्यावर विषय मिटवणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्या मुखवट्यात एक विचार होता, फार हुशार विचार, आणि पिकासोला तो कळला. तो ज्याला सुचला त्या ग्रेबो कारागिराचं नाव त्याने विचारलं नाही, दुकानदारालाही ते ठाऊक नसणार, ही त्याच व्यवहाराची दुसरी बाजू.

आणखी एक गोष्ट निसटली. मुखवटा म्हणजे भिंतीवर टांगायची वस्तू नव्हे. त्याच्याखाली गवताचा, तंतूंचा, कापडाचा पूर्ण पोशाख असतो, आत नाचणारा माणूस असतो, ढोल असतात, गर्दी असते, ठरलेला दिवस असतो. काही मुखवटे स्त्रियांनी बघायचे नसतात, काही फक्त अंत्यविधीला निघतात. दशावतारातल्या गणपतीची सोंड तेवढी काढून काचेच्या पेटीत ठेवली आणि खाली ‘कोकणातलं लाकूडकाम’ अशी चिठ्ठी लावली तर जे होईल, ते इथे हजारो वस्तूंच्या बाबतीत झालं. लाकूड टिकतं, जहाजात मावतं, म्हणून लाकूड युरोपात पोहोचलं. युरोपीय चित्रकारांनी त्या लाकडालाच पूर्ण शिल्प मानलं.

बरं, आफ्रिकेत हुबेहूब काम करणारे नव्हते का? होते की. बेनिनचे कांस्यपट मेण वितळवून ओतकाम करण्याच्या पद्धतीने केलेले, सोळाव्या शतकातले, इतके सफाईदार की ब्रिटिश म्युझियमच्या तज्ज्ञांना सुरुवातीला वाटलं हे कसब पोर्तुगीजांनी किंवा इजिप्तने शिकवलं असणार. १९१० मध्ये जर्मन संशोधक लिओ फ्रोबेनियसला नायजेरियातल्या इफे इथे शांत, जिवंत वाटणारे मानवी चेहरे सापडले, तेव्हा त्याने सरळ बुडालेल्या अटलांटिसचं नाव घेतलं. ग्रीकांची एखादी हरवलेली वसाहत असेल, पण हे आफ्रिकनांचं नसेल! म्हणजे काम वास्तवदर्शी असलं की ते दुसऱ्या कोणाचं तरी, आणि नसलं की ती रानटी माणसाची उपजत प्रेरणा. लागोसचा ओनाबोलू या कात्रीत सापडला होता. १९२० मध्ये तो लंडनला आणि पुढे पॅरिसला जाऊन रीतसर शिकला, परतून लागोसच्या शाळांत चित्रकला शिकवण्यासाठी त्याने सरकारशी खटपट केली. तो रंगवत होता ते ‘अस्सल आफ्रिकन’ नाही, अशी तक्रार करणारे त्याला आयुष्यभर भेटले.

जर्मनीची गोष्ट थोडक्यात. १९०५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये स्थापन झालेल्या ‘ब्र्यूके’ म्हणजे ‘पूल’ या गटाच्या किर्शनर वगैरे चित्रकारांनी तिथल्या संग्रहालयात पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवरच्या कोरीव, रंगीत तुळया पाहिल्या आणि आपले स्टुडिओच तशा शैलीत सजवले. एमिल नोल्डे १९१३ मध्ये न्यू गिनीला गेला, माक्स पेखश्टाइन १९१४ मध्ये पलाऊला, आणि पहिलं महायुद्ध सुरू होऊन जपान्यांनी बेटं घेतल्यावर त्यांच्या ताब्यात सापडला. पाउल क्लेला लहान मुलांच्या रेघांत हेच सापडलं, दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या द्युब्युफेला मनोरुग्णांच्या चित्रांत. मधल्या काळात जर्मनीत नाझी आले आणि १९३७ मध्ये म्युनिकला ‘अधःपतित कला’ नावाचं प्रदर्शन भरवून याच चित्रांची जाहीर टिंगल केली. त्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ओटो फ्रॉइंडलिशचं, ईस्टर बेटाच्या पुतळ्यांची आठवण करून देणारं एक मस्तक होतं. फ्रॉइंडलिश ज्यू होता. १९४३ मध्ये पोलंडमधल्या नाझी छावणीत तो मारला गेला. नोल्डे मात्र स्वतःच नाझी पक्षाचा सदस्य होता, तरी त्याची हजारावर चित्रं संग्रहालयांतून काढली गेली. आदिम कलेवर प्रेम करणारा माणूस आपोआप उदारमतवादी होतो, या भाबड्या समजुतीला नोल्डे हे चांगलं औषध आहे.

या सगळ्याचा हिशेब मागायला १९८४ उजाडावं लागलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्या वर्षी प्रिमिटिव्हिझमवर एक अवाढव्य प्रदर्शन केलं. पिकासो आणि ब्रांकुसी, जाकोमेत्ती या शिल्पकारांची कामं आणि त्यांच्या शेजारी आफ्रिकेच्या, पॅसिफिकच्या दोनशेहून जास्त वस्तू. मांडणी देखणी होती, संशोधन दांडगं होतं. संयोजक विल्यम रुबिन यांचं म्हणणं असं की या दोन कलांमध्ये एक खोल नातं आहे. समीक्षक टॉमस मॅकएव्हिली यांनी लगेच लेख लिहून सालटी काढली: नातं म्हणता, मग एका बाजूच्या वस्तूंना कलाकार आहे, साल आहे, हेतू आहे, आणि दुसऱ्या बाजूच्या वस्तूंना यातलं काहीच का नाही? त्या फक्त पिकासोला दाद द्यायला आल्यात का? पुढे ‘आर्टफोरम’ या कला-मासिकातल्या पत्रव्यवहारात दोघांची चांगलीच जुंपली. आज वाचताना मॅकएव्हिलींचं पारडं जड वाटतं.

पाच वर्षांनी, १९८९ मध्ये, जाँ-उबेर मार्तां यांनी पॅरिसमध्ये ‘पृथ्वीचे जादूगार’ हे प्रदर्शन भरवलं. त्यात जगभरच्या हयात कलावंतांना नावानिशी, एकाच रांगेत बसवायचा प्रयत्न होता. भारतातून गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम आणि मिथिलेच्या बऊआ देवी तिथे होत्या. ‘जादूगार’ या नावातही जुनी खोड डोकावते, अशी टीका झाली, ती रास्त होती. पण नावं लिहिली गेली. याच मार्तांच्या कारकिर्दीत, २००३ मध्ये, जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं एकत्र प्रदर्शन झालं. मशे पुढे पद्मश्री झाले. वारली चित्रांची आपल्याकडची कथा इथे आठवायला हवी. लग्नाचा चौक, पालघट देवी हे सगळं लिहायचं काम सवाशिणींचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी कागद आणि रंग पाड्यांवर पोहोचवले, मशे लग्नाव्यतिरिक्तही रोज चित्र काढू लागले आणि वारली चित्राला पहिल्यांदा सही मिळाली. ती सही पुरुषाची होती. भिंतींवर पिढ्यानपिढ्या लिहिणाऱ्या बायकांची नावं आपल्याही कोणी टिपून ठेवली नव्हती, आणि कुर्त्यांवर, बेडशीटवर, हॉटेलच्या भिंतींवर तेच नक्षीकाम ‘आदिम कला’ म्हणून विकताना आपण अजूनही ती विचारत नाही. तेव्हा पॅरिसकडे बोट दाखवताना जरा जपून.

नावं सापडतच नाहीत असं मात्र नाही. शोधली की सापडतात. पिकासो ट्रोकादेरोत गेला तेव्हा तिथे दाहोमे जिंकणाऱ्या फ्रेंच जनरल दॉद्सने आणलेले राजांचे लाकडी पुतळे होते: सिंहाच्या रूपातला राजा ग्लेले, माशाच्या, म्हणजे शार्कच्या रूपातला राजा बेहांझिन. ते सोसा देदे या राजदरबारी शिल्पकाराचं काम मानलं जातं. तिथेच दाहोमेतल्या फॉन लोकांच्या युद्धदेवाचा माणसाएवढा लोखंडी पुतळा होता, ज्याची कवी आपोलिनेरने छापून तारीफ केली. तो घडवणाऱ्या लोहाराचं नाव आकाती एकप्लेकेंदो. लोखंडाचे तुकडे, पत्रे जोडून उभा केलेला पुतळा, आणि तो १८५८ च्या आधीचा, म्हणजे पिकासोच्या पुठ्ठ्याच्या गिटारीपेक्षा अर्ध्या शतकाहून जुना! २०२१ च्या नोव्हेंबरात फ्रान्सने दाहोमेच्या लुटीतल्या २६ वस्तू आजच्या बेनिन देशाला, म्हणजे जुन्या दाहोमेच्याच भूमीला (नायजेरियातलं बेनिन शहर ते वेगळं), परत केल्या. सोसा देदेचे राजे घरी गेले. लोखंडी युद्धदेव त्या २६ मध्ये नव्हता.

मला या विषयात सगळ्यात जास्त आवडणारा माणूस मात्र ओलोवे. नायजेरियातल्या इसे गावचा हा योरुबा काष्ठशिल्पकार मातीस-पिकासोचा समकालीन. १९३८ च्या सुमारास वारला. त्याच्या स्तुतीची गाणी गायली जात, इरोकोचं टणक लाकूड भोपळ्यासारखं मऊ असल्यागत कोरणारा म्हणून. त्याच्या एका वृद्ध पत्नीने १९८८ मध्येही ती गाऊन दाखवली, तेव्हा निनावी कारागीर ही कल्पना कोणाची, हे उघड आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधी ओलोवेने इकेरेच्या राजवाड्यासाठी दारं कोरली. एका फळीवर राजा सिंहासनावर ऐसपैस बसलाय, पाठीशी राणी. दुसऱ्या फळीवर कॅप्टन अँब्रोज हा ब्रिटिश अधिकारी हमालांच्या डोक्यावरच्या डोलीत अवघडून बसून येतोय. युरोप आफ्रिकेकडे टक लावून बघत होता त्याच वर्षांत एक आफ्रिकन कलावंत युरोपकडे असा बघत होता, आणि त्याला तो काही फार रुबाबदार दिसला नव्हता.

१९२४ मध्ये ही दारं लंडनच्या वेम्ब्लीत भरलेल्या साम्राज्याच्या प्रदर्शनात मांडली गेली. ब्रिटिश म्युझियमला ती हवी झाली. इकेरेच्या राजाने विकायला नकार दिला. शेवटी सौदा ठरला तो अदलाबदलीचा: दारांच्या बदल्यात इंग्लंडमध्ये बनवलेलं एक सिंहासन राजाने घेतलं, आणि राजवाड्यासाठी ओलोवेकडून नवी दारं कोरून घेतली.